शाळेतले रजनी-कमल तट आणि देवनागरीत उतरवलेली तमिळ गाणी

पेरांबूरकर

नमस्कार. माझे वडील १९८५ ते १९९३ या काळात पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत नोकरीला होते, त्यामुळे तिसरीपासून दहावीपर्यंतचे माझे सगळे शिक्षण मद्रासमध्ये झाले. गेल्या महिन्यात पुण्यातल्या घराचा माळा आवरताना मला माझी त्या काळातली गाण्यांची वही सापडली. तिच्यावरून काही प्रश्न मनात आले आहेत. तमिळनाडूत किंवा तमिळ वस्तीत शाळेचे दिवस काढलेल्या मराठी मंडळींनी आपले अनुभव सविस्तर सांगावेत, अशी विनंती आहे.

शाळेच्या पहिल्या दिवशी, मला तमिळचा एक शब्दही येत नसताना, बाकावर शेजारी बसलेल्या मुलाने मला विचारले, "रजनीया, कमला?" आपल्याकडे रजनी आणि कमल ही दोन्ही बायकांची नावे आहेत, आणि कमल हे तर माझ्या सख्ख्या आत्याचे नाव. तो घरातल्या कोणाविषयी तरी विचारतो आहे असे वाटून मी "कमल" असे उत्तर दिले. त्याने लगेच माझे दप्तर उचलले आणि मला खिडकीकडच्या रांगेत नेऊन बसवले. पुढची आठ वर्षे मी कमल हासन यांच्या गटाचा होतो. डबा कोणाबरोबर खायचा, क्रिकेटमध्ये कोणत्या संघातून खेळायचे, गृहपाठाची वही कोणाकडून मागायची, हे सगळे त्या एका शब्दाने ठरून गेले. परक्या गावात, भाषा येत नसताना, मला पहिल्याच दिवशी दहा-बारा मित्र मिळाले ते या तटामुळे. त्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

खरी अडचण सहावीत आली. रजनीकांत यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड असून ते बंगळुरूच्या मराठी कुटुंबातले आहेत, असे कोणीतरी एका साप्ताहिकात वाचून वर्गात सांगितले. रजनी गटातली मुले माझ्याभोवती जमली आणि अतिशय गंभीरपणे मला विचारू लागली की स्वतःचा माणूस सोडून मी समोरच्या बाजूला कसा काय राहू शकतो. मी गट बदलला नाही, कारण मित्र सोडणे मला शक्य नव्हते. पण त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि त्या रात्री मी वडिलांना जेजुरीबद्दल बरेच काही विचारल्याचे आठवते, कारण गायकवाडांचे पूर्वज जेजुरीजवळच्या मावडी कडेपठारचे असल्याचे सांगितले जात असे.

दिवाळीला दोघांचेही चित्रपट लागत. १९८७ च्या दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, कमल यांचा 'नायकन' आणि रजनी यांचा 'मनिदन' एकाच दिवशी प्रदर्शित झाले. १९९१ ला ५ नोव्हेंबरच्या दिवाळीत 'गुणा' आणि 'दळपती' असेच समोरासमोर आले. आमच्या भागातले बृंदा थिएटर १९८५ मध्ये रजनीकांत यांच्याच हस्ते सुरू झालेले होते, त्यामुळे तिथे त्यांचा चित्रपट लागला की आमच्या गटाची मुले त्या रस्त्याने जाणेही टाळत. अमुक थिएटरात किती दिवस चालला, शंभर दिवस झाले की नाही, कटआउट किती उंच होता, या आकड्यांवर मधल्या सुट्टीत वाद चालत, आणि जो हरे तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातली जाहिरात कापून आणून पुन्हा वाद सुरू करी.

आता वहीविषयी. थिएटरबाहेर आणि बसस्टँडवर गाण्यांची छोटी पुस्तके मिळत. त्यांना 'पाट्टु पुत्तगम' म्हणत. मला तमिळ लिपी सातवीपर्यंत सफाईने वाचता येत नव्हती, म्हणून शेजारचा मुलगा वाचून दाखवी आणि मी देवनागरीत लिहून घेई. शुक्रवारी संध्याकाळी दूरदर्शनवर 'ओळियुम ओलियुम' हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम लागे, तेव्हा वही मांडीवर घेऊन मी राहिलेल्या ओळी भरत असे. वहीच्या पुढच्या बाजूने कमल यांची गाणी आहेत. मागच्या बाजूने, उलट्या पानांवर, रजनी यांची गाणी आहेत. ती मी गटातल्या कोणालाही कधी दाखवली नाहीत. परवा मोजली, तेव्हा मागची गाणी पुढच्यांपेक्षा जास्त भरली.

याच वहीने मला एक गोष्ट फार लवकर दाखवून दिली होती. प्रत्येक गाण्याखाली मी पुस्तकातली नावे उतरवून घेत असे, आणि वही कोणत्याही बाजूने उघडली तरी संगीत बहुतेक वेळा इळैयराजा यांचे आणि आवाज एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचाच निघे. १९९१ च्या त्या दिवाळीतल्या दोन्ही चित्रपटांचे संगीत इळैयराजांचे होते. आम्ही ज्या दोन माणसांसाठी भांडत होतो, त्यांच्या तोंडचे सूर एकाच घरातून येत होते, आणि हे वर्गात सर्वांना माहीत असूनही भांडण कमी होत नव्हते.

माझे प्रश्न असे आहेत. आपला गट आपण निवडला होता, की तो माझ्यासारखाच आपल्याला मिळाला? समोरच्या गटाची गाणी आपण उघडपणे गात होता का? आणि वहीतला एक शब्द मला आजतागायत उलगडलेला नाही. तीन गाण्यांत मी 'विळि' असे लिहिले आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ 'हाक मार' असा मिळतो, पण तो ओळीत बसत नाही. कोणी सांगू शकेल का?

कावेरीतीर

आपले लेखन वाचून मी माझ्या कुंभकोणमच्या घराच्या ओसरीवर जाऊन बसले. मी तंजावर मराठी आहे. आमची घरे व्यंकोजीराजांच्या काळापासून तिकडची, घरात बोलायची भाषा मराठी, बाहेरचे सगळे तमिळ. लग्नानंतर पुण्यात आले. आता वय बहात्तर आहे, त्यामुळे माझे तट आपल्या आधीच्या पिढीचे, एम.जी.आर. आणि शिवाजी गणेशन या नटांचे.

आमच्या वेळी गट मुलांनी निवडण्याचा प्रश्नच नव्हता, तो घराण्याने आणि गल्लीने ठरलेला असे. एम.जी.आर. द्रविड मुन्नेट्र कळगम पक्षाचे आणि शिवाजी गणेशन काँग्रेसचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. ज्या घरात काँग्रेसचे नेते कामराज यांचा फोटो लावलेला असे, त्या घरातली मुले शिवाजींची. आमच्याकडे दूध घालणारा, शेतावर काम करणारी माणसे आणि त्यांची मुले एम.जी.आर. यांची. पडद्यावर एम.जी.आर. दारूला किंवा सिगारेटला हात लावत नाहीत, आईचा शब्द मोडत नाहीत आणि गरिबाच्या बाजूने उभे राहतात, हे त्यांना सर्वांत मोलाचे वाटे, आणि आज विचार करताना मला त्यात गैर काही दिसत नाही. आम्ही मात्र अभिनयावर बोलत असू आणि स्वतःला जाणकार समजत असू.

गावांचाही त्यात वाटा होता. एम.जी.आर. यांचे बालपण आमच्या कुंभकोणमात गेले आणि शिवाजी गणेशन यांचे मूळ गाव तंजावरजवळचे सूरक्कोट्टै. तंजावरहून माझी मावसबहीण सुटीत आली की दोन गावांचे भांडण आमच्या ओसरीवर होई. १९६४ च्या पोंगलला, १४ जानेवारीला, शिवाजींचा 'कर्णन' आणि एम.जी.आर. यांचा 'वेट्टैक्कारन' एकाच दिवशी लागले तेव्हा मी पाचवीत होते. 'कर्णन' पाहून आलेल्या आमच्या आजीने चार दिवस महाभारताशिवाय दुसरे काही सांगितले नाही. हाच चित्रपट नव्याने दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि तेव्हाही थिएटरे भरली, हे ऐकून मला झालेला आनंद मी येथे नीट मांडू शकणार नाही.

आपण एकाच आवाजाविषयी लिहिले आहे. आमच्याही वेळी तसेच होते. त्या दोघांसाठी टी. एम. सौंदरराजनच गात, आणि तेही मदुरैच्या सौराष्ट्र समाजातले, म्हणजे घरी वेगळी भाषा आणि बाहेर तमिळ असणारे, आमच्यासारखेच. पण त्यांचे वैशिष्ट्य असे होते की रेडिओवर गाणे सुरू झाल्याबरोबर, चित्रपटाचे नाव सांगितले नसले तरी, ते कोणासाठी गात आहेत हे आम्हांला कळत असे. शिवाजींसाठी ते छातीतून, भरदार आवाज लावत आणि शब्दाच्या शेवटी कंप देत, एम.जी.आर. यांच्यासाठी तोच आवाज हलका, मोकळा आणि थोडा वर चढलेला असे. एकाच माणसाच्या गळ्यात दोन नट राहत होते. रेडिओ सिलोनची तमिळ सेवा लागली की आम्ही बहिणी पहिल्या दोन शब्दांवरून पैज लावत असू, आणि मी फारशी कधी चुकले नाही. आपल्या वेळच्या गायकाने दोघांसाठी आवाज इतका बदलला नसावा असे मला वाटते, पण त्यावर आपण सांगावे.

आपल्याला सलणारा तो मराठीचा प्रश्न आमच्याकडे उलट्या बाजूने होता. विल्लुपुरममध्ये जन्मलेले गणेशन हे 'शिवाजी' झाले, कारण अण्णादुरै यांनी शिवाजी महाराजांवर लिहिलेल्या नाटकात त्यांनी महाराजांची भूमिका केली आणि ती पाहून द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी त्यांना हे नाव दिले. माझ्या वडिलांना याचा फार अभिमान होता. तमिळनाडूत घरोघरी रोज घेतले जाणारे हे नाव आपल्या राजाचे आहे, असे ते आम्हांला सांगत. पुढे १९७५ मध्ये दिग्दर्शक के. बालचंदर यांनी शिवाजीराव गायकवाडांना पडद्यावर आणले, तेव्हा 'शिवाजी' हे नाव तिथे आधीच एका तमिळ नटाचे झालेले होते, म्हणून त्यांना रजनीकांत हे नाव मिळाले. तमिळ माणसाने मराठी राजाचे नाव घेतले आणि मराठी मुलाने ते सोडले. आपल्या वर्गमित्रांना हे ठाऊक असते, तर त्यांनी कदाचित आपल्याला इतके छळले नसते.

वहीबद्दल एक सांगते. आपण तमिळ गाणी देवनागरीत लिहीत होता. मी मराठी अभंग तमिळ लिपीत लिहीत असे, कारण मला देवनागरी येतच नव्हती. आमच्याकडच्या भजन परंपरेत तुकाराम-नामदेवांचे अभंग नित्याचे आहेत. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर, म्हणून छापील भजनपुस्तकांत अक्षराच्या डोक्यावर २, ३, ४ असे बारीक आकडे घालतात. माझ्या वहीत ते आकडे नाहीत, त्यामुळे माझ्या नातीला ती वाचून दाखवताना आता मीही अडखळते.

गलाईवाल्यांची लेक

पेरांबूरकर, आपला प्रश्न फार आवडला, पण तो मुलांच्या शाळेचा आहे, असे मला वाचताना जाणवत राहिले. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळचे. आमच्या भागातली शेकडो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायासाठी दक्षिणेत गेलेली आहेत. माझे वडील कोइमतूरला राजा स्ट्रीटच्या मागच्या बोळात दुकान चालवत आणि मी तिथल्या मुलींच्या शाळेत १९८९ पासून १९९८ पर्यंत शिकले.

आमच्या वर्गातही रजनी-कमल होते, पण पहिल्या दिवशीचा पहिला खेळ पाहायला आमच्यापैकी एकही मुलगी जाऊ शकत नव्हती. तिथे शिट्ट्या, कागदाचे तुकडे उडवणे, कटआउटवर दूध ओतणे हे सगळे भावांचे काम होते, आणि आम्हांला ते फक्त ऐकायला मिळे. चित्रपट आमच्यापर्यंत तीन आठवड्यांनी, आईबरोबर, दुपारच्या खेळाला पोहोचत असे. गाणी मात्र त्याच्याही दोन महिने आधी कॅसेटवर आलेली असत. म्हणून आमचे तट नटांचे न होता आवाजांचे झाले. एस. जानकी की चित्रा, असे आमचे भांडण होते. १९९२ च्या दिवाळीत आलेल्या 'देवर मगन'मधल्या गाण्यासाठी जानकीअम्मांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या रांगेने शाळेजवळच्या दुकानातून जिलबी आणून वाटली होती.

आणि मी स्वतः या दोघींपैकी कोणाचीच नव्हते, मी स्वर्णलता यांची होते. तेव्हा त्या अगदी तरुण होत्या आणि त्यांचे नाव मोठ्यांना फारसे माहीतही नव्हते. 'दळपती'तल्या नाचाच्या गाण्यात बालसुब्रह्मण्यम यांच्यासमोर त्या ज्या मोकळेपणाने उभ्या राहतात, ते मी किती वेळा ऐकले असेल ते सांगता येणार नाही. १९९४ च्या 'करुत्तम्मा'मध्ये ए. आर. रहमान यांच्या संगीतावर त्यांनी जे दुःखाचे गाणे गायले, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या दिवशी वर्गात मी एकटी होते, माझ्या गटात दुसरी कोणी नव्हती, पण पाठवणी झालेल्या माझ्या थोरल्या बहिणीला मी विट्याला पत्र लिहून ते कळवले. स्वर्णलता २०१० मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी गेल्या. नटांच्या वाढदिवसाला रक्तदान होते, फलक लागतात. या बाईंची आठवण काढणारे थोडे आहेत, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

समोरच्या गटाची गाणी गात होता का, असे आपण विचारले आहे. आमच्याकडे मधल्या सुट्टीत 'पाट्टुक्कु पाट्टु' चाले, म्हणजे आपली गाण्याच्या भेंड्यांची तऱ्हा. रेडिओवर आणि पुढे सन टीव्हीवर बी. एच. अब्दुल हमीद हा कार्यक्रम ज्या शुद्ध, सुंदर तमिळमध्ये घेत, तसेच बोलायचा आमचा प्रयत्न असे. त्या खेळात जिंकायचे तर सगळ्यांची गाणी पाठ असावी लागत. तट बाजूला ठेवल्याशिवाय अक्षर सुटत नसे.

आता आपल्या 'विळि'विषयी. तमिळमध्ये आपल्या 'ळ'सारखा एक ळ आहे आणि त्याहून वेगळा, जीभ मागे वळवून पण टाळूला न टेकवता काढायचा आणखी एक आहे. 'तमिळ' या शब्दाच्या शेवटी तोच आहे. साधा ळ असलेल्या 'विळि'चा अर्थ हाक मार. दुसरा ळ असलेल्या 'विऴि'चा अर्थ डोळा. चित्रपटातल्या गाण्यात हा शब्द आला की तो बहुतेक वेळा डोळाच असतो. देवनागरीत ळखाली टिंब देऊन हे अक्षर लिहिता येते. आपल्या शेजारच्या मुलाने वाचून दाखवताना दोन्ही सारखेच उच्चारले असणार, मद्रासच्या मुलांची ती सवयच असते. कोइमतूरच्या आमच्या बाई मात्र त्या अक्षरासाठी सबंध वर्गाला दहा-दहा वेळा म्हणायला लावत, आणि घरी ळ बोलण्याची सवय असल्याने मला ते हिंदी बोलणाऱ्या मुलींपेक्षा लवकर जमले.

माटुंगा लेबर कॅम्प

वरची तिन्ही टिपणे मनापासून वाचली, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे, ते नोंदवतो. माझे शालेय शिक्षण मुंबईतच, धारावीला लागून असलेल्या महापालिकेच्या शाळेत झाले. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर मराठी माध्यम आणि वर तमिळ माध्यम होते. धारावीतली बरीचशी तमिळ वस्ती तिरुनेलवेलीकडची. माझे निम्मे मित्र वरच्या मजल्यावरचे होते, आणि मला तमिळ बोलता येत नसले तरी गाणी येत होती.

आमच्या काळातले तट विजय आणि अजित यांचे होते. २००१ च्या पोंगलला विजय यांचा 'फ्रेंड्स' आणि अजित यांचा 'दीना' एकाच दिवशी लागले. अजित यांना 'तल', म्हणजे म्होरक्या, म्हणायची सुरुवात या 'दीना'पासून झाली. पेरांबूरकरांना रस वाटेल अशी गोष्ट म्हणजे 'फ्रेंड्स'चे संगीत इळैयराजांचे होते आणि 'दीना'चे त्यांचे धाकटे चिरंजीव युवन शंकर राजा यांचे. बाप एका तटात आणि मुलगा दुसऱ्या. पण यामुळे आमच्याकडे काही सौम्य झाले असे म्हणता येणार नाही. अजित गटातल्या मुलांनी इळैयराजा आता जुने झाले असे म्हणायला सुरुवात केली, आणि एका मित्राच्या वडिलांना ते ऐकून इतका राग आला की त्यांनी त्या मुलांना घरात घेणे बंद केले.

गाणी सर्वांची होती, असे वरच्या लेखनातून सुचते. आमच्याकडे गाणी हे भांडणाचे हत्यार होते. नायकाच्या प्रवेशाच्या गाण्यात 'माझ्या वाटेला जाऊ नकोस' अशा अर्थाची एखादी तरी ओळ असतेच, आणि ती ओळ जिन्यात उभे राहून समोरच्या गटावर फेकली जाई. मला अर्थ कळत नव्हता, पण कुठली ओळ कोणासाठी आहे हे बरोबर कळत होते. २००१ च्या त्या आठवड्यात एक पोस्टर फाटले. ते कोणी फाडले हे कधीच सिद्ध झाले नाही, पण लहानपणापासून एका गादीवर झोपलेली दोन मामे-आतेभावंडे पुढे वर्षभर एकमेकांशी बोलली नाहीत. मी दोघांच्याही घरी जात असे. दोघेही घरी तीच गाणी ऐकत होते, एकमेकांना ऐकू जाणार नाहीत अशा बेताने.

रजनीकांत मात्र आमच्याकडे तटांच्या वर होते. त्यांचा चित्रपट माटुंग्याच्या अरोरा थिएटरला लागला की विजयवाले आणि अजितवाले एकाच रांगेत पहाटेपासून उभे राहत. आम्ही मराठी मुलेही त्यांच्याबरोबर असू, आणि तिथे आम्हांला कोणी परके मानले नाही. 'नायकन'ची कथा धारावीत घडते, पण ती वस्ती मद्रासच्या स्टुडिओत उभी केली होती, हे कळले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुलांना फार वाईट वाटले होते. त्या चित्रपटातली गल्ली कोणती, यावर त्यांनी अनेक दिवस शोध घेतला होता.

पेरांबूरकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. माटुंगावाले, आपले म्हणणे मला पटते. वर्गात मीही समोरच्या गटाची गाणी कधी उघडपणे गायलो नाही, उलट वहीची मागची पाने लपवली, हेच आपल्या बाजूचे उदाहरण आहे. तरीही एक दिवस आठवतो. २४ डिसेंबर १९८७ रोजी, मुख्यमंत्री असतानाच, एम.जी.आर. गेले, तेव्हा शाळेला सहामाही परीक्षेनंतरची सुट्टी होती. शहर एकदम बंद झाले, दुकाने मिटली, बाहेर पडू नका असे घरोघर सांगितले गेले. आमच्या क्वार्टर्समध्ये ज्या एका घरी मोठा टीव्ही होता, तिथे दोन्ही गटांची मुले जमिनीवर शेजारी शेजारी बसली होती आणि अंत्ययात्रा पाहत होती. कोणाच्या आजीने हुंदका दिला की आम्ही सगळे मान खाली घालत असू. त्या तीन-चार दिवसांत रजनी-कमल हे शब्द कोणी उच्चारले नाहीत. मोठ्यांचा तट किती खोल होता, हे आम्हांला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

काकू, आपण विचारलेत त्याचे उत्तर देतो. बालसुब्रह्मण्यम आवाज पूर्णपणे बदलत नसत, पण रजनी यांच्यासाठी गाताना शब्द जास्त ठोसपणे टाकत आणि कमल यांच्यासाठी त्यांच्या गाण्यात हसणे, उसासा, मध्येच बोलणे अधिक येई. त्यांचे कमल यांच्याशी नाते तर याहून जवळचे होते, कारण कमल यांच्या अनेक तमिळ चित्रपटांच्या तेलुगू आवृत्त्यांत कमल यांचे संवादही तेच बोलत. आणि रजनी यांच्या 'अण्णात्ते'तले प्रवेशाचे गाणे त्यांनी गाऊन ठेवले होते. सप्टेंबर २०२० मध्ये ते गेले आणि चित्रपट २०२१ च्या दिवाळीत आला. ते गाणे मी पुण्यात थिएटरात ऐकले. माझ्या पुढच्या रांगेतला माझ्याच वयाचा एक गृहस्थ उभा राहिला आणि गाणे संपेपर्यंत बसला नाही.

१९९३ मध्ये आम्ही पुण्याला परतलो, त्याचीही एक आठवण सांगतो. आदल्या वर्षी 'रोजा' आलेला होता आणि पुण्यातल्या नव्या मित्रांना त्याची गाणी हिंदीत पाठ होती. चाली त्याच, शब्द वेगळे. सहलीच्या बसमध्ये सगळे हिंदीत गात असताना माझ्या तोंडून तमिळ शब्द गेले आणि बस शांत झाली. मग एका मुलाने मला ते पुन्हा म्हणायला सांगितले, आणि परतीच्या वाटेवर अर्धी बस ते शब्द चुकतमाकत म्हणत होती. पुण्यात मला मित्र मिळाले तेही असेच, गाण्यावरून.

कावेरीतीर

पेरांबूरकर, 'विऴि'चा अर्थ डोळाच, यात मला शंका नाही. उच्चारासाठी एक सोपी युक्ती सांगते. ळ म्हणायला जीभ वर न्या, आणि टाळूला लागायच्या आत थांबवा. आमच्या घरी मराठी बोलतानाही हे अक्षर कधी कधी डोकावते, आणि पुण्यात आल्यावर सासूबाईंनी मला त्यावरून दोन-तीनदा विचारले होते. वहीत तसेच ठेवू नका, टिंब द्या.

पेरांबूरकर

काकू, आज संध्याकाळी तिन्ही ठिकाणी पेन्सिलने टिंब दिले आणि ओळी पुन्हा मोठ्याने वाचल्या. आता अर्थ नीट लागतो. तिन्ही गाणी वहीच्या मागच्या बाजूची आहेत.